गायिका : समूह

६ नोव्हेंबर २००४
बारा वर्षांनी माझ्या गाण्याला माझा पत्ता सापडला! हडपसरच्या आयटी कंपनीतला आनंद आज कोथरूडला घरी आला. आमचं ते संतांवरचं रॉक संगीतक — गिटार, ड्रम, मधूनच टाळ — कंपनीतली मंडळी पुन्हा बसवतायत. पुस्तिकेत 'ओसरीवर थांबले मी'चा इतिहास छापायचाय. "काकू, आमच्या वर्ध्याला शाळेच्या गॅदरिंगला हे गाणं असतंच. पण गायलं कुणी, कुणालाच माहीत नाही."

कसं माहीत असणार? कॅसेटवर छापलंय — गायिका : समूह. समूह कसला, मी एकटी गायले होते.

७ नोव्हेंबर
आनंदला फोनवर सगळं सांगितलं. ९२ साली पहिला प्रयोग. मी कलावंतीण. कीर्तनाला येते, आत घेत नाहीत, म्हणून ओसरीवरूनच गाते. पुण्याने आधी नाकं मुरडली. "देवाला आता ड्रम लागतो का?" असं एक गृहस्थ मध्यंतरात म्हणाले आणि दुसऱ्या अंकाला पुढच्या रांगेत येऊन बसले. ९३ला कॅसेट आली. मग रिक्षात, गणपतीत, शेवटी लग्नाच्या बँडवर — कलावंतिणीचं गाणं वरातीत! आता म्हणे मोबाइलवर वाजतं.

नाव गाळलं ते दिग्दर्शक महिपतींनी. कॅसेट हातात आली त्या दिवशी इतकी रडले, की पुन्हा त्यांच्या तालमीला गेलेच नाही. हळूहळू गाणंही सुटलं.

९ नोव्हेंबर
चकल्या करपल्या. दोष कढईचा नाही, मी गात होते.

१४ नोव्हेंबर
आनंदने आभाराची यादी मागितली. पहिलं नाव ह्यांचं. नव्या सुनेने कलावंतीण व्हायचं, तेही शनिवार पेठेतल्या आमच्या तेव्हाच्या घरात! सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. हे मात्र रोज स्कूटरवरून तालमीला सोडायचे, संपेपर्यंत बाहेर थांबायचे. कॅसेटवर नाव नाही म्हणून रडले तेव्हा म्हणाले, "जाऊ दे. मला माहीत आहे ना कोण गायलंय." त्या एका वाक्यावर अकरा वर्षं काढली. असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

२० नोव्हेंबर
छापायचं नाव ठरलं : सौ. श्यामला गोपाळकृष्ण खासनीस. ह्यांनी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

आनंदला माझा पत्ता महिपतींनीच दिला, हे आज कळलं. राग गेलाच. उद्या वारज्याला जाऊन त्यांचे आभार मानते.

२१ नोव्हेंबर
महिपती फार थकलेत. पेढे दिले. म्हटलं, नाव गाळलंत तुम्ही आणि शोधून दिलंत तेही तुम्हीच.

त्यांनी चष्मा काढला. "मी गाळलं? श्यामलाबाई, तुम्हाला ठाऊक नव्हतं?" फायलीतून एक चिठ्ठी काढून दिली. 'कॅसेटवर सौ.चे नाव नको. तिचीही हीच इच्छा आहे.' अक्षर ह्यांचं, खाली सही.

आधी लाजच वाटली — अकरा वर्षं भलत्याच माणसावर रुसले. राग घरी येईपर्यंत आला. चिठ्ठी ह्यांच्यासमोर ठेवली. बराच वेळ वाचत राहिले, दोनच ओळी होत्या. मग म्हणाले, "आईसाठी केलं."

सासूबाईंना जाऊन सात वर्षं झाली.

२२ नोव्हेंबर
आभारात ह्यांचं नाव राहू दे. रोज बाहेर थांबले, ते काही खोटं नाही. पण आनंदला फोन करून सांगितलं, गायिकेचं नाव बदल. नुसतं श्यामला. मागेपुढे काही नको.

"काकू, छपाईला गेलंय."

थांबव म्हटलं.