एकाच पेटीत येणारे चार पत्ते

मी, शिवणयंत्रे दुरुस्त करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासले. मी पुन्हा विचारले तेव्हा म्हणाल्या, "आजोबा, डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे तुमचं, लिहा आता." म्हणून कोणाच्या दबावाशिवाय लिहितो. शाळा सातवीपर्यंतच झाली. कायद्याचा शब्द चुकला तर अर्थ धरावा.

१. घर व दुकान मुलाला. बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांना निम्मी-निम्मी. दुकान बंद करताना कुलूप ओढून बघावे. एकदा ओढून पुरत नाही.

२. हत्यारे मुलीला. तिचा हात हलका आहे, मुलाने मनाला लावून घेऊ नये. शिडी माझ्या धाकट्या भावाला. तिची पायरी त्यानेच मोडली आणि वर "आधीचीच मोडकी" म्हणाला.

३. मागच्या खोलीतला मेल सर्व्हर, म्हणजे फळीवरचा छोटा कॉम्प्युटर, मुलाला, पण अटीवर. तो मुलीने बसवला. दुकानाचा, तक्रारींचा, माझा आणि पत्नीचा असे चार ईमेल पत्ते, पत्रे येऊन पडतात ती पेटी मात्र एकच, माझी. पत्नी म्हणाली होती, "मला वेगळा पासवर्ड देऊ नका, डोक्याला ताप."

पत्नी गेल्यापासून मुलगी माझ्याशी बोलत नाही. तिला आईला दवाखान्यातून घरी आणायचे होते, मी आणू दिले नाही. ऑक्सिजनशिवाय आणणे बरोबर नव्हते, हे मी आजही म्हणतो. मुलाने माझी बाजू घेतली, म्हणून त्याचाही फोन ती उचलत नाही.

पण ती आईच्या पत्त्यावर लिहिते. पेटी कोण उघडतो हे तिला ठाऊक आहे, जोडणी तिचीच. "आई, बाबांना सांग, कमरेला पट्टा बांधल्याशिवाय मशीन उचलायचं नाही." मी त्याच पत्त्यावरून कळवले, "बांधतो म्हणतात." लगेच आले, "थापा मारताहेत." तेव्हापासून बांधतो.

एकदा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलायचा राहिला आणि उत्तर दुकानाच्या पत्त्यावरून गेले. कित्येक महिने काही आले नाही. मी रोज पेटी उघडून बघायचो. मग आले, "आई, दुकानाकडून काहीतरी आलं होतं. मी उघडलं नाही. तू कशी आहेस?"

मुलगा परवा म्हणाला, "बाबा, आईचा पत्ता काढून टाकू? नुसत्या जाहिराती येतात."

"हात लावू नकोस."

"अहो, पण आई आता..."

"ती नाही हे मला कळतं रे."

तर अट अशी: दुकानाच्या नावाची इंटरनेटवरची नोंदणी दरवर्षी वेळेत नवी करावी, नाहीतर चारही पत्ते बंद पडतील. पत्नीचा पत्ता कधीही काढू नये. मुलीचे पत्र "असा पत्ता नाही" म्हणून परत जाता कामा नये.

४. मी गेल्याचे मुलीला मुलाने पत्नीच्या पत्त्यावरून कळवावे. दुसरीकडून आलेले ती उघडणार नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता दोनदा तपासावा. मजकूर एवढाच: "बाबा माझ्याकडे पोचले. आता तू घरी जा, दादा एकटा आहे."

हे माझे शेवटचे म्हणणे. वाचून, पुन्हा वाचून, खाली सही केली.

सही: दुकानाचे मालक

आमच्यासमोर सही झाली:
१. डॉक्टरीणबाई
२. शेजारचे चष्मेवाले

ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: १२ मार्च २०२४