अजून थोडं दक्षिणेकडे

ऑल्डर फॉल्स, विस्कॉन्सिन
१४ डिसेंबर १९९४

प्रिय हेडी,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट तसंच शेगडीत घालणार नाहीस, एवढं धरून चालते. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिने चढते. इथं शनिवारपासून बर्फ पडतंय. तुमच्या टेकडीवर तर कुंपणंसुद्धा दिसत नसतील.

टीव्ही स्टेशनवरचे फोन अजून मीच घेते. निवृत्तीला पाच महिने उरलेत. आमच्या चॅनेल दहानं नेटवर्क बदललं, हे आता तुला सांगायला नको. बातम्या, हवामान आणि शनिवारचा पोल्का नाच आमचा. बाकी सगळं न्यूयॉर्कहून यायचं. चाळीस वर्षं एका कंपनीकडून आलं, या सोमवारपासून दुसरीकडून येतं. जुने कार्यक्रम गेले चॅनेल अठ्ठेचाळीसवर, आणि त्यांचा प्रक्षेपणाचा मनोरा पडला पार दक्षिणेला. करार झाला, वरच्यांनी केक कापला, आणि फोन माझ्या टेबलावर वाजायला लागले.

"अहो बाई, मालिकेतल्या डॉक्टर हॅलोरनला कुठं लपवलंत? शुक्रवारी बेशुद्ध होता. जगला की मेला, एवढं तरी सांगा."

"नवऱ्यानं टीव्ही बिघडला म्हणून त्याला दोन लाथा घातल्या. आता खरंच बिघडलाय."

एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "मी बाप्तिस्म्यापासून एकाच चर्चमध्ये जातो. तुम्हाला एका जागी राहायला काय होतं?"

मॅनेजरांनी मला एक कागद दिलाय. नाव आणि गाव विचारायचं, तक्रार वहीत लिहायची, नव्या कार्यक्रमांची तारीफ करायची. अठ्ठेचाळीसचा आकडा तोंडातून काढायचा नाही. शेवटी म्हणायचं, 'चॅनेल दहाबरोबर राहिल्याबद्दल आभारी आहोत.' आकडा मी सगळ्यांना सांगते. एवढं पाप मला झेपतं.

काल, मंगळवारी, दोन वाजून दहा मिनिटांनी तुझा फोन आला.

"मालिका दिसत नाही," एवढंच तू म्हणालीस, आणि मी ओळखलं. तरी कागदावरचा पहिला प्रश्न विचारला. नाव? तू सांगितलंस. गाव? तेही सांगितलंस. मी लिहून घेतलं. माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव तक्रारींच्या रकान्यात, एका हार्डवेअरवाल्याच्या खाली.

"अठ्ठेचाळीस लावून बघा," मी म्हणाले. "अँटेना दक्षिणेकडे फिरवावी लागेल."

"फिरवली. मी बाहेर अँटेनाचा पाइप धरून उभी राहते, तेव्हा आत चित्र बघायला कोणी नसतं. आत येऊन बघते तर नुसत्या मुंग्या. चार खेपा झाल्या."

"घरात दुसरं कोणी…"

"माझा नवरा होता. ऑगस्टमध्ये गेला."

हेडी, कॅसिमिर गेल्याचं मला असं कळलं. माझ्या लग्नात माझे बूट लपवून ठेवणारा, आईला 'राणीसाहेब' म्हणणारा कॅझ. चार महिने झाले होते, आणि मी काय म्हणाले? "ऐकून वाईट वाटलं, बाई. चॅनेल दहाबरोबर राहिल्याबद्दल आभारी आहोत."

तू लगेच फोन ठेवला नाहीस. म्हणालीस, "तुम्ही बोलता छान. सिस्टर्सच्या शाळेतल्या दिसता." मी म्हणाले, "हो." मग तू ठेवलास.

सिस्टर ॲम्ब्रोसिया उच्चार स्वच्छ व्हावेत म्हणून आपल्याला तोंडात चेरी धरून कविता म्हणायला लावायची, ते मला आठवलं. तुलाही तेच आठवलं असणार.

काल रात्री तुझा राग करायला बसले. मला कळवलं नाहीस, परक्यासारखं ठेवलंस. पण राग धरायला हात घातला तिथं माझंच कृत्य पडलेलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी, आईच्या दफनाच्या दिवशी मी तुला सांगितलं की आई झोपेत गेली, अचानक गेली. तू पलंगाजवळची अर्धी जळलेली मेणबत्ती बघितलीस आणि म्हणालीस, "फादरना शेवटच्या विधीला मंगळवारी बोलावलंस, मला शुक्रवारी?" मी म्हणाले, ते सहज भेटायला आले होते. नऊ वर्षं मी तेच म्हणत आले, कन्फेशनमध्येसुद्धा.

ते अचानक नव्हतं. त्या मंगळवारी डॉक्टरांनी थोडेच दिवस उरलेत असं स्पष्ट सांगितलं होतं. मी रजा टाकून घरी होते. दोन वाजता टीव्ही लावायची. आईला धड दिसत नव्हतं, पण मालिकेचं संगीत सुरू झालं की ती विचारायची, "हेडी निघाली का?" मी म्हणायची, "निघाली, आई." बुधवारी म्हणाले, रस्त्यात बर्फ आहे. गुरुवारी म्हणाले, पुलापर्यंत पोचली. बर्फ नव्हतं, हेडी. एप्रिल होता. आणि फोन मी तोवर केलाच नव्हता.

अकरा वर्षं तिला न्हाऊ-माखू घातलं मी. तू वर्षातून दोनदा खसखशीचा रोल घेऊन यायचीस, आणि तिचा चेहरा असा उजळायचा की मी स्वयंपाकघरात निघून जायची. ते तीन दिवस मला माझे एकटीचे हवे होते. पण त्या तिन्ही दिवसांत तिनं माझं नाव एकदाही घेतलं नाही. ती दाराकडे बघत गेली.

हे तुला लिहायला मला नऊ वर्षं आणि एक नेटवर्क लागलं.

क्षमा मागत नाही. तू दिलीस तरी ती कुठं ठेवावी ते मला कळणार नाही. पण अँटेना फिरवणं एकट्या माणसाचं काम नव्हे, हे आपण दोघी लहानपणापासून जाणतो. मी बाहेर पाइपला लोंबकळायची, तू खिडकीतून ओरडायचीस, "अजून थोडं, अजून, थांब, गेलं बघ, गाढवा."

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून मी गाडी काढते. दार उघडू नकोस, बोलूही नकोस. मी परसातून येऊन पाइप धरेन आणि दक्षिणेकडे हळूहळू फिरवीत राहीन. चित्र स्पष्ट झालं की आतून काचेवर एकदा टकटक कर. तेवढ्यावर मी परत जाईन.

टकटक ऐकू येईपर्यंत फिरवीत राहणारी,
तुझी अर्सुला