डावखुऱ्याची दुनळी

मिल्टन कीन्स,
२८ ऑक्टोबर २००७

ती. मुरलीधरमामांस,

पुरुषोत्तमचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग मनाने. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठांपैकी दोन अंगं जमिनीला टेकत नाहीत, बाकीची सहा तुमच्या पायांशी आहेत असं समजावं.) तुमची तब्येत कशी आहे? मामींचं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब वेळेवर घालता ना? डॉक्टर भाच्याचं काही ऐकायचं नाही हे तुमचं व्रत मला ठाऊक आहे, तरी आपलं विचारलं. शाल्मलीचं लग्न डिसेंबरात नागपूरला करायचं ठरलंय हे फोनवर कळवलंच आहे. फोनवर सगळं बोलता येत नाही. एक तर तिसऱ्या मिनिटाला तुम्ही "बिल वाढतंय रे" म्हणून रिसीव्हर आपटता, आणि दुसरं म्हणजे आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही जे बोलाल ते मला ऐकू न आलेलं बरं.

तर मामा, मी बंदूक घेतली.

बसा. पाणी प्या. मामींना एवढ्यात सांगू नका. सापळ्यात सापडलेला उंदीर तळ्याकाठी सोडून यायला ज्याला पाऊण तास लागायचा, तोच हा तुमचा भाचा, आणि त्याच्या घरात जिन्याखालच्या कपाटात आज बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. पोलिसांच्या परवानगीनं. आणि मामा, राग येणार असेल तर आधीच सांगतो, याच्या मुळाशी तुम्ही आहात.

त्याचं असं झालं. आमचा होणारा जावई टोबी, गुरांचा डॉक्टर, मुलगा सोन्यासारखा. त्याचे वडील क्लाइव्ह. ओल्नीच्या पुढे त्यांची शेती आहे. गृहस्थ विधुर, सहा फूट दोन इंच, आणि दिवसाकाठी फार तर डझनभर वाक्यं बोलणारा, त्यातली निम्मी कुत्र्याशी. ईस्टरला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. जायच्या आधी शाल्मलीनं मला बजावलं, "बाबा, तू फक्त त्यांच्याशी नीट गप्पा मारशील, प्लीज? टोबीला मम नाही, फक्त डॅड आहे." (तिचं मराठी तुम्हाला माहीत आहे. एवढं सलग बोलली म्हणजे पोरीला किती काळजी असेल बघा.) मला तर झोपच लागली नाही. एकुलती एक मुलगी ज्या घरात जाणार, त्या घरात मी जन्मभर "डॉक्टर, चहा घेणार का?" एवढ्यावरच राहिलो तर काय घ्या? आपल्याकडे व्याही म्हटला की रुसवेफुगवे तरी असतात. इथे रुसायलाही आधी ओळख लागते हो.

जेवताना अर्धा तास गेला. हवामान संपलं. मग क्लाइव्हनी विचारलं, तुमच्याकडे कोणी शूटिंग करतं का? मामा, मी खोटं बोललो नाही. मी म्हणालो, माझे मामा बंदूक बाळगून होते. (होतात की नाही? काटोलच्या संत्र्याच्या बागेत पोपट हाकलायला तुम्ही ती छऱ्याची बंदूक घेऊन फिरायचात. पोपट एकही मेला नाही, शेजारच्यांचा रांजण फुटला, तो भाग मी गाळला.) कशाची शिकार, असा पुढचा प्रश्न आला. मी म्हटलं, बहुतेक पक्षी. आणि मग त्यांचे डोळे असे काही चमकले, आणि टेबलापलीकडून शाल्मली अशी काही आशेनं बघायला लागली, की मी आपलं भूगोलाची माहिती द्यावी तसं म्हणालो, नागपूरच्या आसपास वाघ फार. एवढंच. दोन खरी वाक्यं मी शेजारी-शेजारी ठेवली. गाठ त्यांची त्यांनी मारली. निघताना त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, ऑक्टोबरात आमची आठ शेजाऱ्यांची छोटी शिकार असते, तुम्ही यायचंच. वाघ मारणाऱ्याचा भाचा उसनी बंदूक घेऊन कसा जाणार? म्हणून आली ही वेळ.

पण इथे बंदूक घ्यायची म्हणजे मुलगी दाखवण्यापेक्षा अवघड प्रकार. आधी फॉर्म, मग ओळखीच्या माणसाची शिफारस, मग पोलिसांचा माणूस घरी येतो. अतिशय सभ्य गृहस्थ. सुनेत्रानं त्यांच्यापुढे साबुदाणा वडे ठेवले. त्यांनी विचारलं, बंदूक कशासाठी हवी? मी घाबरून गेलो होतो, तोंडातून निघून गेलं, मुलीच्या लग्नासाठी. त्यांचं पेन जागच्या जागी थांबलं. ते निस्तरेपर्यंत दुसरा प्रश्न आला: कपाटाची किल्ली फक्त तुमच्याकडेच राहायला हवी, ती कुठे असते हे घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही ना? यावर सुनेत्रा ताठ मानेनं म्हणाली, या घरात कुठली वस्तू कुठे आहे हे फक्त मलाच ठाऊक असतं, ह्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत. मामा, तीस वर्षांच्या संसारात बायको इतकं खरं इतक्या वाईट वेळी कधी बोलली नव्हती. शेवटी किल्ली मी जानव्याला बांधीन असं कबूल केलं, तेव्हा सर्टिफिकेट आलं. (जानवं ड्रॉवरमधून शोधून काढावं लागलं. कुठे आहे ते अर्थातच सुनेत्राला माहीत होतं.)

मग खरेदी. क्लाइव्हचं मत ठाम. एकावर एक नळ्या असलेली बंदूक म्हणजे मातीच्या थाळ्या फोडायची. पक्ष्यांच्या वाटेला जायचं तर नळ्या शेजारी-शेजारीच हव्यात. (त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सर्वांत लांब भाषण.) मी आधी एकटाच लंडनला एका दुकानात गेलो. किंमत ऐकल्यावर वाटलं, बंदुकीबरोबर दोन खोल्यांचा फ्लॅट मिळत असावा. तो नव्हता. हे मी क्लाइव्हना भीत भीत सांगितलं, तर त्यांनी बेडफर्डच्या बाजूच्या एका छोट्या दुकानाचं नाव घेतलं आणि स्वतः गाडीनं न्यायला आले. सुनेत्राही निघाली, कारण ह्यांना एकट्याला पाठवलं की हे गंडतात.

दुकानदार म्हातारा, शांत. पण सुनेत्रानं त्याला लक्ष्मी रोडवरचा साडीवाला करून टाकला. ही दाखवा, ती दाखवा, यातच जरा हलक्यातली आहे का? काउंटरवर चौदा दुनळ्या पसरल्या. एका स्पॅनिश बंदुकीचं लाकूड तिला पसंत पडलं, पण नक्षी "फार भरलेली" वाटली. लास्ट प्राइस काय, असंही तिनं विचारलं. क्लाइव्ह खिडकीबाहेर बघत उभे होते. दुकानदारानं मला नळीत डोकावून गंजाचे खड्डे कसे ओळखायचे ते दाखवलं, दस्ता गालाला नीट बसला पाहिजे, खांद्यापासून चापापर्यंतचं अंतर हाताच्या लांबीला जुळलं पाहिजे, स्वस्तातली बंदूकसुद्धा शिवलेल्या कोटासारखी बेतून घ्यावी लागते, असं बरंच समजावलं. मी प्रत्येक बंदूक उचलायचो आणि प्रत्येक बंदूक माझ्या गालाला टोचायची. शेवटी तो म्हणाला, डोळे मिटा, हात सैल सोडा, आणि विचार न करता उचला.

मी उचलली. डाव्या खांद्याला.

मामा, आठवतं? मुंजीआधीच्या सुट्टीत तुम्ही माझा डावा हात करगोट्याला बांधून ठेवला होता. जेवताना, लिहिताना, प्रसाद घेताना, डावा हात दिसला की पट्टी. "डावरेपणा मोडलाच पाहिजे." मोडला की हो! मी उजव्या हातानं लिहितो, जेवतो, हजारो पेशंट्सना उजव्या हातानं इंजेक्शनं दिली. आणि पन्नास वर्षांनी बेडफर्डच्या दुकानात तो डावा हात गुपचूप बाहेर आला, जणू इतकी वर्षं पाठीमागे उभा राहून वाट बघत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. राग नाही मामा. पण त्या दिवशी थोडा आला होता.

दुकानदारानं क्लाइव्हकडे बघितलं. क्लाइव्हनी खिडकीकडे बघितलं. मग तो आत जाऊन एक जुनी बर्मिंगहॅमची दुनळी घेऊन आला. दस्ता डाव्या गालासाठी वळवलेला, चांदीच्या छोट्या पट्टीवरची अक्षरं पुसट झालेली. म्हणाला, डावखुऱ्याची आहे, गिऱ्हाइक मिळत नाही, म्हणून स्वस्तात देतोय. आकडा लिहीत नाही, तुम्ही नागपुरात चांगली सायकल घेता तेवढ्यातच आली म्हणा. सुनेत्रानं सवयीनं "अजून काही कमी?" विचारलं आणि तिला स्वतःलाच लाज वाटली. बंदूक गालाला अशी बसली, मामा, की काढावीशी वाटेना.

आता शिकारीचा दिवस. विसाव्या तारखेचा शनिवार. सकाळी सहाला मी बूट चढवत होतो आणि सुनेत्रा स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, आज खंडेनवमी!" तुमच्या घरचा रिवाज आम्ही इथेही सोडलेला नाही. स्टेथोस्कोप, शिलाईचं मशीन, विळी, किसणी, गाडी, सगळ्यांना हळदकुंकू, आणि पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही. दरवर्षी मी त्या दिवशी हॉस्पिटलला सुट्टी टाकतो. आणि आता घरात पहिल्यांदाच खरंखुरं शस्त्र आलेलं, ते पूजेला नाही लावायचं? मी खूप वाद घातला. ती म्हणाली, मग मामांना फोन लावून विचारू का? मी मुकाट्यानं बंदूक पाटावर ठेवली. हळद, कुंकू, अक्षता, वेम्ब्लीहून आणलेलं झेंडूचं फूल. नळीत गेलेल्या अक्षता काढायला वीस मिनिटं लागली.

तेव्हा बघा माझी अवस्था. शिकारीला जायचं, पण बार काढायचा नाही. जाऊन सांगायचं काय? मी ठरवलं, काही सांगायचंच नाही. तिथे पद्धत अशी, की आपण शेताच्या कडेला एका खुंटीजवळ उभं राहायचं, लांबच्या झाडीतून माणसं काठ्या आपटत येतात, आणि फेझंट म्हणून कोंबडा आणि मोर यांच्या मधला एक पक्षी असतो तो आपल्या डोक्यावरून उडतो. मी रिकामी बंदूक डाव्या खांद्याला लावायचो, पक्ष्याबरोबर ऐटीत फिरवायचो, आणि खाली घ्यायचो. एक, दोन, पाच, नऊ. शेजारचे लोक धडाधडा बार काढत होते. माझ्या पाठीला घाम. आता कोणीतरी विचारणार, मुलीचं हसं होणार.

पण झालं भलतंच. या लोकांत खरा शिकारी म्हणजे खालून जाणारा सोपा पक्षी सोडून देणारा. दुसऱ्या फेरीनंतर कुजबुज सुरू झाली. डॉक्टरांना म्हणे आजचे पक्षी मारण्याच्या लायकीचे वाटत नाहीत! एकानं तर माझी माफी मागितली, वारा नाही म्हणून पक्षी उंच उडत नाहीत म्हणून. वाघवाल्यांचा भाचा ना! मी नम्रपणे मान हलवली. इतका मान मला मेडिकलला पहिला आलो तेव्हाही मिळाला नव्हता.

दुपारी कोठारात जेवण. बायका तिथेच आल्या होत्या. क्लाइव्हनी माझी बंदूक हातात घेतली, जरा जास्तच वेळ धरून ठेवली, आणि दस्त्यावरचं कुंकवाचं बोट बघून विचारलं, हे काय? मी खोकलो. सुनेत्रा खोकत नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. ज्यानं आपलं पोट भरतं त्याला वर्षातून एक दिवस नमस्कार करायचा आणि विश्रांती द्यायची, म्हणून ह्यांनी सकाळपासून काडतूसच भरलेलं नाही. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात क्लाइव्ह उठले, आपली स्वतःची बंदूक आणून तिच्यापुढे ठेवली आणि हळूच म्हणाले, हिलाही लावाल का? सुनेत्राच्या पर्समध्ये कुंकवाचा करंडा असतोच. मग ट्वीडचे कोट घातलेले आठ शेतकरी बंदुका घेऊन ओळीनं उभे. शेवटल्याला टिळा लावून झाल्यावर ती हसून म्हणाली, आता उद्यापर्यंत कोणी चालवायची नाही हं!

आठही जणांनी क्लाइव्हकडे बघितलं. क्लाइव्हनी बंदूक खोळीत घालून वरचा बंद ओढला.

दुपारची फेरी बिनबंदुकीची झाली. झाडीतून पक्षी निघाले, उन्हात तांबडे-सोनेरी दिसत डोक्यावरून गेले, आणि आम्ही हात खिशात घालून नुसते बघत राहिलो. क्लाइव्ह माझ्या शेजारी उभे होते. काही बोलले नाहीत. पण कुत्र्याशीही बोलले नाहीत, आणि मला फार बरं वाटलं.

मामींना नमस्कार. तब्येतीस जपा.

तुमचा,
पुरू

ता.क. – खरं काम राहिलंच. क्लाइव्ह डिसेंबरात नागपूरला येताहेत आणि "वाघवाल्या मामांना" भेटायचं म्हणून त्यांनी नवा सूट शिवलाय. तेव्हा माळ्यावरची छऱ्याची बंदूक काढून तेल लावून भिंतीवर टांगावी. विचारलंच तर वाघाबद्दल एखादं वाक्य बोलावं. पोपटांचा आणि रांजणाचा विषय काढू नये. तुम्ही आयुष्यात खोटं बोलला नाहीत हे मला ठाऊक आहे. माझ्या डाव्या हाताची आठवण ठेवून एवढं करा.

ता.क. २ – बक्षीस म्हणून दोन फेझंट मिळाले. सुनेत्रानं ते शेजाऱ्यांना दिले आणि आंघोळ केली.

ती. मामांस सुनेत्राचा नमस्कार. पाकीट पोस्टात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी. क्लाइव्हना पोपट, रांजण सगळं एप्रिलपासूनच ठाऊक आहे, शाल्मलीनं ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं. बेडफर्डची ती डावखुरी दुनळी त्यांच्या वडिलांची, त्यांनीच आधी दुकानात नेऊन ठेवलेली. ईस्टरला जेवताना घरंगळलेला बटाटा ह्यांनी डाव्या हातानं झेललेला त्यांनी पाहिला होता. मला कोठारात म्हणाले, भेट दिली असती तर डॉक्टरांनी घेतली नसती, पण स्वस्तात मिळतेय म्हटल्यावर सोडणार नाहीत हे ओळखलं मी. आणि माणसाला घरी बोलवायची दुसरी रीत मला येत नाही, असंही म्हणाले. ह्यांना यातलं काही कळू देऊ नका. वाघाची गोष्ट जरूर सांगा. फक्त वाघ एकच ठेवा, दोन नकोत, क्लाइव्हना हसू आवरायचं नाही.