सायलो दिसतो तिथे इंटरनेट

२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
उणे एकवीस. आजपासून रोज लिहायचं. (या वहीत गेल्या वर्षीची एकच नोंद आहे. तीही हीच.)
अठरा वर्षं हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवलं, जानेवारीत राजीनामा दिला. आमच्या दरीत मैलाला तीन घरं, बाकी गाई. मोठी कंपनी इथे केबल टाकायची नाही. म्हणून बिनतारी नेटवर्क मी उभारणार. टेकडीवर शेतकरी ऑर्विल स्कार यांचा रिकामा सायलो आहे, म्हणजे गुरांचा चारा साठवायचा उंच मनोरा; त्याच्या टोकावर अँटेना. भाडं नको म्हणाले. इंटरनेटवर बेसबॉलचा सामना न अडकता दिसला पाहिजे, एवढंच.
खरं कारण मारिट. बायको मॅडिसनच्या हॉस्पिटलात नर्स आहे. दोन तासांचा रस्ता, त्यामुळे अकरा वर्षं सोमवार ते गुरुवार बहिणीच्या सोफ्यावर झोपते. आता हॉस्पिटल म्हणतं, पेशंटशी व्हिडिओवर बोला, घरून चालेल. चाचणी एप्रिल ते जून. कॉल तुटत राहिले तर परत मॅडिसन.
तुटणार नाहीत.

१९ फेब्रुवारी
सर्व्हे संपला. बाकीचे लोक उन्हाळ्यात सर्व्हे करतात. मी मुद्दाम हिवाळा निवडला: हवा स्वच्छ, ट्रॅक्टरची धूळ नाही, लोक घरी सापडतात. धोरण म्हणतात ते हेच. प्रत्येक दारात उभं राहून दुर्बिणीतून पाहिलं. त्रेचाळीसपैकी एक्केचाळीस घरांतून सायलो स्वच्छ दिसतो. मधोमध ओढ्याकाठची झाडं आहेत, पण त्यांच्या काड्यांतून आरपार दिसतं.
घोषवाक्य सुचलं: सायलो दिसतो तिथे इंटरनेट. टोप्या छापायला दिल्या.
ऑर्विलना आकडा सांगितला. म्हणाले, पोरा, फेब्रुवारीत तर मला इथून बायकोचं माहेरसुद्धा दिसतं. जुन्या लोकांना आकड्यांचं वावडं असतं.
मी स्वतःला फसवत तर नाही ना? प्रामाणिकपणे विचारलं. नाही. एक्केचाळीस म्हणजे एक्केचाळीस.

६ मार्च
टाउन बोर्डाची बैठक. अध्यक्ष डोलोरेस ब्रेक्के यांनी गावच्या पाण्याच्या टाकीवर दुसऱ्या अँटेनासाठी जागा देऊ केली. दोन बाजूंनी सिग्नल मिळेल, झाडांना वळसा पडेल, असं त्यांच्या भाच्याचं मत. मी आभार मानून नकार दिला. गरज नसताना सार्वजनिक जागा अडवणं मला पटत नाही. त्या म्हणाल्या, गेलन, आत्ता घे, नंतर ती जागा अग्निशमनवाले भोंग्यासाठी मागतील. मी म्हटलं, आनंदाने द्या.
घरी येताना फार हलकं वाटलं. तत्त्वाने वागल्यावर वाटतं तसं.

१४ एप्रिल
नेटवर्क चालू! सिग्नल पाठ्यपुस्तकात छापावा असा. मारिटची चाचणी आजपासून.

१६ एप्रिल
बुधवार. दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात जेवलो. कालचं मीटलोफ, विशेष काही नाही. जेवून झाल्यावर तिने बहिणीला फोन केला आणि सांगितलं, की अगं, आज बुधवार आहे आणि मी नवऱ्याबरोबर जेवले. लॉटरी लागल्यासारख्या आवाजात.
बहिणीचा सोफा आता विकायला हरकत नाही, असं मी मागून ओरडून सांगितलं.

३ मे
दोन कॉल तुटले. कारण सापडलं: सशांनी केबल कुरतडली असणार. कुरतडल्याची खूण नाही, पण ससे आहेत. केबल बदलली.
ऑर्विल ओढ्याकाठी अळंबी शोधताना भेटले. म्हणाले, ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली, आता मका पेरायचा. मी म्हटलं, छान. मक्याशी माझा काय संबंध?

११ मे
नऊ घरांतून तक्रारी. संभाव्य कारणं: सॉफ्टवेअर, सूर्यावरचे डाग, वाऱ्याने हलणारा सायलो. (सायलो काँक्रीटचा आहे. तरी नोंद असावी.)
दुपारी सायलोवर चढलो. वरून आमचं घर दिसलं नाही. धुकं असावं. ऊन होतं, पण दरीतलं धुकं विचित्र असतं.
ऑर्विलचा बेसबॉल सातव्या डावात अडकला. खालून ओरडून विचारत होते, की बॅटवाल्याने मारला का चेंडू, का म्हातारा होऊन मेला?

१६ मे
वाईट दिवस. मारिट एका म्हाताऱ्या पेशंटशी बोलत असताना चित्र गोठलं. त्याचं तोंड वाकडं, एक डोळा अर्धा मिटलेला. तिला वाटलं, पक्षाघाताचा झटका आला. तिने त्याच्या घरी अँब्युलन्स पाठवली. तो सँडविच खात होता.
ती रागावली नाही. म्हणाली, गेलन, मला फक्त कारण सांग. मी सशांपासून सुरुवात केली. ती उठून भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

२० मे, पहाटे ५
पाऊस थांबल्यावर अंगणात उभा होतो. सायलो दिसत नाही. धुकं नाही. पानं आहेत. ओली, जाड, लाखो पानं.
पान म्हणजे मुख्यतः पाणी, आणि पाणी हा सिग्नल पिऊन टाकतं. पहिलं वाक्य मी अठरा वर्षं नववीला शिकवलं. प्रश्नपत्रिकेतही होतं, दोन गुणांना.
तरीही सर्व्हे चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. फेब्रुवारीपुरता तो अचूक होता.

२२ मे
डोलोरेसबाईंकडे गेलो. टाकीवर भोंगा बसला. म्हणाल्या, तूच म्हणालास ना, आनंदाने द्या? दिला.
मग ऑर्विलकडे. झाडं तोडायची परवानगी मागितली. म्हणाले, दरीत चाळीस एकर झाडं आहेत, आधी कुठलं तोडायचं ते दाखव, मी करवत आणतो. बराच वेळ पाहत उभा राहिलो. कुठलंही एक दाखवता आलं नाही. मग त्यांनीच कॉफी दिली. सर्व्हेच्या वेळीच स्पष्ट का सांगितलं नाही, असं मी विचारलं. म्हणाले, तू शिकलेला माणूस. मला वाटलं, त्या टोपीकडे पानांवर काही उपाय असेल.

२९ जून
एक्केचाळीसपैकी सतरा घरं उरली. टोप्या सगळ्यांनी ठेवून घेतल्या.
मारिटची चाचणी संपली. नापास. सोमवारपासून परत मॅडिसन. या वेळी सोफा नाही. तिने फ्लॅट घेतला, वर्षाच्या कराराने. ती म्हणाली, सोफ्यावर झोपणाऱ्या बाईला वाटत राहतं, की हे तात्पुरतं आहे. शुक्रवारी येशील ना, असं मी विचारलं. बघू म्हणाली.
तिची उशी गाडीत मी ठेवली. व्यवस्थित ठेवली, मागची खिडकी अडणार नाही अशी.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
पानं गळली. सायलो स्वच्छ दिसतो. सिग्नल एप्रिलपेक्षाही चांगला! माझं धोरण मुळात बरोबर होतं, हे आता आकड्यांनी सिद्ध झालं.
मारिटचा व्हिडिओ कॉल आला. चित्र इतकं स्पष्ट, की तिच्या मागच्या भिंतीवरचा नवा पडदा दिसला, पिवळा. तिला माझ्या मागचं स्वयंपाकघर दिसलं असणार. तिने विचारलं, जेवतोस ना नीट?
मी सांगितलं, की लाइन आता पक्की आहे, करार मोड, हॉस्पिटलला पुन्हा विचार, घरी ये. तिने विचारलं, किती पक्की? खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं होतं. म्हटलं, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.
ती काही बोलली नाही. हललीही नाही. चित्र गोठलं असं वाटून मी घाईघाईने लाइन तपासली.
लाइन उत्तम चालू होती.