हात आता स्थिर आहेत

कुंभकोणम

ती. आईस,
तुझ्या वैजूचा इतक्या लांबून नमस्कार.

मी बरी आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं. गेल्या महिन्यात मूर्तिशाळेत ओतीव मूर्तीच्या साच्यासाठी मेणाची बोटं घडवताना माझे हात थरथरू लागले, छाती धडधडली, श्वास पुरेना. मला वाटलं, संपलं सगळं. घरमालकीण कृष्णवेणीअक्का मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. हृदय उत्तम आहे. साठत गेलेल्या चिंतेने असं होतं, म्हणाले.

"दिवसभर खातेस काय?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अक्काच म्हणाल्या, "काफी. नुसती काफी!"

अक्कांचे पूर्वज तंजावरच्या मराठ्यांच्या काळात इथे आले, त्यामुळे त्यांच्या मराठीत तमिळ मिसळलंय. घरी आल्यावर म्हणाल्या, "बैस, मोर पी." मी दचकलेच. मोर म्हणजे ताक! किती दिवसांनी मी पोटभर हसले.

आता सकाळी नाचणीची आंबील, दुपारी वेळेवर जेवण, संध्याकाळी अक्कांबरोबर कावेरीकाठी फेरी. कॉफी एकच. नुसत्या खाण्याने सगळं जाणार नाही, म्हणून समुपदेशनालाही जाते. अजून कधी कधी छाती दडपते, पण तसं झालं की मी अक्कांना सांगते. काल मूर्तीची बोटं मनासारखी उतरली.

बाबा गेल्यापासून तू रात्री चहा-बिस्किटांवरच झोपतेस, असं शेजारची मधुरा म्हणाली. खरं का गं? झोप तरी लागते का? आज भाकरी कर. जेवायला बसलीस की फोन लाव. मीही ताट वाढून तुझी वाट बघते.

तुझीच,
वैजू