तुझा पट्टा मळला होता, दादा

प्रिय दादा,

उद्या तुला जाऊन वर्ष होईल. सकाळी आपल्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. भंतेजी येणार आहेत, तुझ्या शिफ्टची सगळी पोरं येणार आहेत, आणि आई त्या पोरांना मानेचे पट्टे वाटणार आहे. ते वाटप व्हायच्या आत मला कुणाशी तरी बोलायलाच हवं. ज्याच्याशी बोलायला हवं तो फोटोत जाऊन बसलाय, म्हणून लिहायला घेतलं.

आई विहारात सतरंज्या सांगायला गेली आहे. पट्ट्यांचा खोका तुझ्या पलंगाखाली आहे आणि मी त्याच पलंगावर बसले आहे. माझे पाय त्या खोक्याला लागतायत, ते मला सहन होत नाही.

लोक अशा वेळी वह्या वाटतात, स्टीलचे डबे वाटतात. मी आईला तसं सुचवून पाहिलं. ती म्हणाली, "डब्यानं कुणाचा जीव वाचलाय व्हय? माझ्या पोरानं पट्टा घातला न्हाई म्हणून गेला. दुसऱ्यांची तरी राहू देत."

सुरुवात तूच केलीस. आठवतंय का? सुट्टीच्या दिवशी तू तिला मोबाईलवर चिखलातली मोटारसायकलची शर्यत दाखवत होतास. तिला गाड्या दिसल्याच नाहीत, तिला त्या पोरांच्या खांद्यांवर बसवलेली जाड कडी दिसली.

"गळ्यात काय घातलंय रं त्यांनी?"

"नेक ब्रेस, आई. आपटलं तरी मान मोडत नाही."

"मंग तू का न्हाई घालत?"

"अगं, मी चाकणला जातो कामाला. शर्यतीला नाही."

"चाकणच्या रोडला काय कमी उड्या हायत?"

तू खो खो हसलास. मीही हसले. ती मात्र हसली नाही, आणि ते आपल्या दोघांच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती मेडिकलमधून ती वस्तू घेऊन आली. फोमचा, कातडीच्या रंगाचा, मागून चिकटणारा पट्टा. मान अवघडलेली माणसं घालतात ना, तो. एक तुला, एक मला. तू तिला समजावलंस, "आई, हा मान दुखणाऱ्यांचा असतो गं. ते ब्रेस वेगळं, लई महाग येतं." तर म्हणते कशी, "मान दुखायच्या आधीच घाल मंग."

तिथंच तू नाही म्हणायला हवं होतंस. पण तू तो गळ्यात अडकवलास, आरशासमोर ताठ उभा राहिलास आणि सलाम ठोकलास. आई इतकी खूष झाली की त्या संध्याकाळी तिने भजी तळली. तिला खूष करायची तुझी ही खोड मला कधीच आवडली नाही. तुझ्या लाडीगोडीपुढे मी नेहमी घरातली वाईट मुलगी ठरायचे.

मीही माझा पट्टा घालत नव्हतेच. भोसरीत वर्कशॉपच्या ऑफिसला जाताना गल्लीच्या वळणापर्यंत गळ्यात ठेवायचा आणि मग डिकीत. तो घातला की मान वळत नाही, मागून टेम्पो येतोय की कंटेनर ते कळत नाही. तूही गल्लीच्या तोंडाशी काढत होतास, मला ठाऊक होतं. येताना त्याच जागी परत घालायचास आणि ऐटीत दारात यायचास.

मग तो शेवटचा दिवस. तू बूट घालत होतास आणि आई तुझा पट्टा हातात उलटसुलट करून बघत होती.

"रोज चाकणवरनं येतू. शर्टाची कॉलर काळी, रुमाल काळा. आन ह्यो एवढा सोच्छ कसा राह्यला रं?"

तू पकडला गेलास. तिने पुढे एक शब्दही काढला नाही, डबा मुकाट्याने हातात दिला. तिचं ते गप्प बसणं तुला कधीच झेपलं नाही. दारातून तू म्हणालास, "आज घालतो आई, शप्पथ." मी आत वेणी घालत होते. मला वाटलं, झाली याची रोजची शप्पथ.

हॉस्पिटलमधलं मी फारसं लिहीत नाही. एवढंच सांगते की डॉक्टरांनी डोक्याचा मार सांगितला तेव्हा आई त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती तुझ्या शिफ्टच्या गणेशकडे बघत होती. तो तुझ्या मागेच स्वतःच्या गाडीवर होता, त्याच्या शर्टावर तुझं रक्त अजून तसंच होतं.

"गळ्यात पट्टा होता का रं त्याच्या?"

गणेश तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "नव्हता, काकू."

त्या एका शब्दावर आई वर्षभर जगली आहे, दादा. रोज सकाळी बुद्धांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावते, मग तुझ्याकडे वळते आणि म्हणते, "माझं एवढं ऐकलं असतंस तर." रोज. आणि खरं सांगू? मीही तुझ्यावर तेवढीच चिडले होते. एवढी मोठी शप्पथ घेतलीस आणि पाळली नाहीस, हेच माझ्या डोक्यात होतं. तुझा फोटो पुसताना मी तुला घातलेल्या शिव्या ऐकल्यास की नाही, माहीत नाही.

पट्टे आणल्यापासून आईला दम नाही. कार्यक्रमाची वाट न बघता ती गेल्या आठवड्यात शेअर रिक्षाने कुरुळीला गणेशच्या खोलीवर गेली. "तू त्याचा जिवलग, पहिला तुला," असं म्हणून तिने स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात पट्टा बांधला. तो ड्युटीवर निघाला होता. त्याने हेल्मेट चढवलं, हनुवटीखाली लॉक लावायला गेला, आणि लॉक लागेना. पट्टा मध्ये येत होता. आई शेजारी उभी राहून कौतुकाने बघत होती.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या ऑफिसखालच्या टपरीवर आला. चहा घेतला आणि तो तसाच हातात धरून बसला. म्हणाला, "सुजाता, त्या दिवशी खोटं बोललो मी. होता पट्टा. सुटल्यावर कंपनीच्या गेटवरच घातला त्यानं. मी म्हणलं, भावा, लॉक लागंना तुझं. तर म्हणला, राहू दे राव, आज पट्टा मळला पाहिजे, आई तपासती."

कुरुळीच्या अलीकडे पुढच्या कंटेनरने ब्रेक मारला आणि तुझी गाडी खडीवर गेली. हेल्मेट आधी पडलं, तू नंतर पडलास. एवढं सांगून गणेश रडायला लागला. टपरीवाल्याने आमच्याकडे पाठ केली.

मग त्याने डिकीतून एक पिशवी काढून दिली. गळ्यातून पट्टा त्यानेच सोडवला होता आणि वर्षभर खोलीत ठेवला होता. टाकवत नव्हता, आणि कुणाला देताही येत नव्हता. मी पिशवी उघडली. बाहेरच्या बाजूने तो चाकणच्या धुळीने काळा झालाय. आतल्या बाजूला काय आहे ते मी लिहिणार नाही.

तू शप्पथ पाळली होतीस! आणि मी वर्षभर तुला खोटारडा म्हणत होते.

पण दादा, एक वाक्य का नाही बोललास रे? "आई, याने हेल्मेटचं लॉक लागत नाही." एवढंच. तिने क्षणात तो पट्टा चुलीत घातला असता. तिला तुझी मान हवी होती, पट्टा नव्हता हवा. तिचं मन दुखावेल म्हणून तू गप्प बसलास. आता तिच्या मनाचं काय उरलंय ते येऊन बघ.

मी हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. या खोक्यातला एक आईने मलाही दिलाय, तो माझा नवा पट्टा टेबलावर ठेवला आणि विचारलं, गाडीवर याचा उपयोग होतो का? ते म्हणाले, हा दुखऱ्या मानेला आराम द्यायला असतो, पडल्यावर वाचवायला नसतो. मग त्या शर्यतीवाल्यांच्या ब्रेसचं विचारलं. म्हणाले, ते वेगळं, खांद्यांवर बसतं, हेल्मेटची खालची कड त्यावर टेकते आणि मान एका मर्यादेपलीकडे जात नाही. रोजच्या रस्त्यावर ते घालावं की नाही, यावर जाणकारांतही एकमत नाही. मी म्हटलं, मग आम्ही काय करायचं? म्हणाले, "ब्रेसवर वाद घाला हवा तेवढा. हेल्मेटच्या लॉकवर वाद नाही." मी जिन्यात येऊन बसले. हे वाक्य आपल्या घरात एक वर्ष आधी यायला काय झालं होतं?

गणेशने तोड सुचवली. "पोरं काकूंसमोर घेतील आणि नंतर टाकून देतील. मी सगळ्यांना सांगतो. काकूंना काही कळायला नको." दोन रात्री मी ते धरून बसले होते, सुटल्यासारखं वाटलं होतं. आई आहे तशी राहील, पोरंही वाचतील.

पण मग मला तूच दिसायला लागलास, सलाम ठोकणारा. ती पोरं तुझ्यासारखीच आहेत ना! मेलेल्या दोस्ताची आई रस्त्यात भेटली, "पट्टा कुठंय रं?" म्हणाली, की दुसऱ्या दिवशी घालतील. कुणी तिचं मन मोडणार नाही. लॉक लागलं नाही तर "राहू दे राव" म्हणतील आणि निघतील. दादा, पलंगाखाली खोकाभर तुझी शेवटची सकाळ भरून ठेवली आहे, आणि उद्या ती घरोघर जाणार आहे.

आणि आईला सांगायचं तरी कसं? तिची भाकर आधीच अर्धी झालीय. बीपीची गोळी मी हातात दिली तरच घेते. पट्टे वाटायचेत, एवढ्याच कारणाने ती हल्ली सकाळी उठते. तेही काढून घेतलं आणि वर "तो पट्टा तूच आणलेला" हे तिच्या पदरात टाकलं, तर ती परत उठेल का? मला भीती वाटते रे. पप्पा गेले, तू गेलास. या घरात मी एकटी उरेन, याची मला भीती वाटते. तू असतास तर गोड बोलून सांगितलं असतंस. मला गोड बोलता येत नाही, तू शिकवलंच नाहीस.

नाही सांगितलं तर? तर तू जन्मभर न ऐकणारा मुलगा राहशील. रोज सकाळी मेणबत्तीनंतर तेच ऐकशील. ते तरी मी कसं होऊ देऊ?

तेव्हा ऐक. उद्या पाहुणे यायच्या आधी मी तुझा पट्टा, तो काळा झालेला, आईच्या हातात देणार आहे. तपासायची सवय आहे तिला, ती आधी मळ बघेल. तू ऐकलं होतंस, हे तिला सगळ्यात आधी कळू दे. हवं तेवढं रडू दे. मग मी माझा नवा पट्टा गळ्यात बांधेन, वर हेल्मेट चढवेन आणि तिला म्हणेन, आई, लॉक लावून दे. ती लावायला जाईल. दोन्ही टोकं ओढून बघेल. मी काही बोलणार नाही.

तिचे हात थांबतील तेव्हा ते मी माझ्या हातात धरीन आणि सोडणार नाही. ती मारू दे, शिव्या देऊ दे, खाली बसली तर मी तिच्याशेजारी बसेन. कार्यक्रम थांबला तरी चालेल. तो खोका या घराबाहेर जाणार नाही, आणि आईला मी जाऊ देणार नाही. हा माझा शब्द. तू तुझा पाळलास, मीही पाळीन.

जिन्यात तिच्या चपला वाजतायत. पट्टा मी धुतलेला नाही, दादा. जसा तू मळवलास तसाच तिला देते.

तुझी,
वाईट मुलगी,
सुजी