ओघळीवरचा मुरूम

सर,

काल तुमचा मुलगा तुमची जुनी वही देऊन गेला. घर रिकामं करतोय. "दादा, रद्दीत टाकू वाटंना, तुमीच ठेवा," म्हणाला. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली, तरी तुमचं अक्षर दिसताच मी खुर्चीत नीट बसलो. मग वाचलं, आणि जेवण तसंच राहिलं.

नववीत असताना चैत्राच्या उन्हात तुम्ही आम्हाला कयाधू नदीपासून वर, ओढ्याच्या उगमापर्यंत चालवत नेलंत. प्रत्येक फाटा कागदावर उतरवायचा. पाण्याची वाट निळी, गाडीवाट तपकिरी. बाभळीच्या फांदीत अडकलेलं ज्वारीचं धाट दाखवून तुम्ही म्हणालात, "पूर कुठवर आला, हिला विचारा." तांड्याच्या वरची कोरडी ओघळ मी तपकिरी रंगवली, कारण तिच्यात बैलगाडीची चाकोरी होती. तुम्ही माझा कान पिरगाळलात. "लेका, चाकं गेली म्हणून पांदण झाली व्हय? आठ महिने बैलाची असंल, चार महिने पाण्याची हाय. निळी कर!" पोरं हसली. पुढे शाळा सुटली, दुसऱ्याच्या मशीनवर राबलो, मग स्वतःचा जेसीबी घेतला. कुठेही बकेट लावण्याआधी वर-खाली चालून पाणी कुठून येतं ते बघायचो. सेनगाव-पुसेगावकडे लोक म्हणायचे, याचं काम वाहून जात न्हाई. ती शिकवण तुमची होती.

म्हणून त्याच ओघळीवर रस्ता करायचं ठरलं तेव्हा मी आधी तुमच्याकडे आलो. तुम्ही निवृत्त झाला होतात. गावाच्या पाणलोटाचा नकाशा तुम्हीच काढून दिला होता. त्यात ओघळ नव्हतीच, नुसती पांदण. "सर, ही तर निळी होती." तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "वर बांधबंदिस्ती झाली. पाणी जिरतं आता. टाक मुरूम." मी म्हटलं, "खालून पाणी जायला दोन नळे तरी टाकू?" "नळे टाकले की लोक म्हणतात, इथं पाणी हाय." माझे कान तिखट आहेत, सर, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगतो. 'लोक' म्हणताना तुमचा आवाज खाली गेला, हे मला ऐकू आलं होतं. पण तुमच्या शब्दावर शंका घ्यायची असते, एवढं तुम्ही शिकवलं नव्हतं. नळे न घालताच मी मुरूम टाकला. पुढच्या वर्षी त्या रस्त्याला लागून तुमच्या शेतात प्लॉट पडले. त्याचाही अर्थ मी लावला नाही.

मधली वर्षं पाऊस बेताचाच झाला, मुरूम टिकला. यंदा भादव्यात पाणी आपल्या जुन्या वाटेनं आलं, मुरमाला अडलं आणि वळून तांड्यात शिरलं. माणसं वाचली. चार घरांच्या भिंती बसल्या, कणग्यांतलं धान्य भिजलं. एक म्हातारी गोधडी पिळता पिळता मला म्हणाली, "काहून रे बाबा, तू तर पाण्याचा जाणकार ना?" मी म्हणालो, "आजी, सरांनी बघितलं होतं. तवा पाणी येत नव्हतं." कालपर्यंत मी तुमची अशी वकिली करून राहिलो होतो.

आणि वहीत काय आहे? मुरूम टाकायच्या आदल्या श्रावणातली नोंद, तुमच्याच हातची: 'तांड्यावरच्या ओघळीला मांडीभर पाणी. पलीकडे जाता आलं नाही.' खोटं बोलणारे मला धंद्यात रोज भेटतात, त्यांना मी चहाही पाजतो. पण तुम्ही पाण्यात उतरून बघितलंत, लिहून ठेवलंत, आणि मला उलटं सांगितलंत. दुसऱ्या एखाद्यानं वर चालत जाऊन खात्री केली असती. तुमचा शब्द मिळाल्यावर मी जाणार नाही, हे तुम्हाला बराबर माहीत होतं.

आज सकाळी ग्रामसभा झाली. वही पिशवीत होती. म्हातारी पुढेच बसलेली. सरपंचांनी विचारलं, "हे कुणामुळं झालं?" मी उठलो. "मशीन माझी, चूक माझी. उद्या मुरूम उचलतो, ओघळ मोकळी करतो." प्लॉटवाले ओरडायला लागले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "सरांचा विद्यार्थी हाय, कबूल तरी करतो!" साऱ्यांनी माना डोलावल्या. वही मी बाहेर काढलीच नाही.

सरांची अब्रू राखली, असं घरी येऊन बायकोला सांगितलं. ते खरं नाही. या भागात मला 'सरांचा विद्यार्थी' म्हणून ओळखतात, आणि एवढं कळूनही ती ओळख माझ्याच्यानं सोडवत नाही.